काहीच त्रास नव्हता, तरी कल्चर पॉझिटिव्ह आलं

गरोदरपणात लघवीचं इन्फेक्शन झालंय हे कसं ओळखायचं, असं कुणी विचारलं की मी आधी सांगते, अंगात काय होतंय त्यावरून ओळखू म्हणून बसू नका. जी लक्षणं सांगतात त्यातली निम्मी गरोदर बाईला तशीही असतातच. सारखी लघवी लागते, रात्री उठावं लागतं, ओटीपोट जड असतं, कंबर धरते, गळून गेल्यासारखं वाटतं. यातलं बाळामुळे कोणतं आणि जंतूंमुळे कोणतं, हे बाईने घरबसल्या कसं ठरवायचं? माझ्या नऊ महिन्यांत हे कोडं तिन्ही तऱ्हांनी समोर आलं. त्रास नव्हता तेव्हा इन्फेक्शन होतं, जळजळ होती तेव्हा नव्हतं, आणि थंडी वाजून ताप आला तेव्हा घरातल्यांनी तो उन्हाच्या नावावर टाकला.

सुरुवातीचे महिने मी माहेरी उमरेडला दाखवत होते. जानेवारीच्या शेवटी नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात नाव घातलं तेव्हा चौथा महिना लागला होता. तिथल्या डॉक्टर मॅडमने तपासण्यांची लांबलचक चिठ्ठी दिली. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ ब, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), युरिन रूटीन, युरिन कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते पाहायची तपासणी) आणि सिकलिंग, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. आपल्या विदर्भात सिकलिंग त्या यादीत असतंच. पुण्याच्या माझ्या चुलत बहिणीला मी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, हे काय असतं?

माझं सिकलिंग पॉझिटिव्ह आलं. मग एचपीएलसी नावाची पुढची तपासणी झाली आणि निघालं की मी एएस आहे, म्हणजे वाहक. लगेच नवऱ्याचं रक्त घेतलं. दोघंही वाहक असतो तर प्रत्येक बाळामागे २५ टक्के धोका राहिला असता की त्याला प्रत्यक्ष आजार होईल. नवऱ्याचा रिपोर्ट एए आला, म्हणजे तो वाहक नाही, घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि सासूबाईंनी साखर वाटली. मॅडमने मात्र त्या कागदावरून वेगळाच मुद्दा काढला. म्हणाल्या, "बाळाचं टेन्शन गेलं, पण तुझं एक काम वाढलं. सिकलसेलच्या वाहक बायकांना गरोदरपणात लघवीचं इन्फेक्शन जास्त होतं. बाकीच्यांचं कल्चर मी सुरुवातीला एकदा करते, तुझं दर तीन महिन्यांनी करीन."

मला तर काहीच होत नव्हतं. जळजळ नाही, ताप नाही, पोटात दुखत नाही. लघवीला जास्त जावं लागायचं, पण जानेवारीच्या थंडीत नागपुरात कोण जात नाही?

रूटीनचा रिपोर्ट त्याच दिवशी आला. पस सेल्स (पू-पेशी) ८-१०, एपिथेलियल सेल्स १०-१२, नायट्राइट निगेटिव्ह. मी मोबाईलवर शोधलं, पस सेल्स साधारण ५ पर्यंत चालतात असं वाचलं आणि ८-१० बघून घाबरले. मॅडमने मात्र आधी दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. एपिथेलियल सेल्स म्हणजे कातडीच्या पेशी. त्या इतक्या दिसतात म्हणजे नमुन्यात बाहेरचं मिसळलंय, त्यामुळे त्यातल्या पस सेल्सवर भरवसा ठेवता येत नाही. आणि नायट्राइट निगेटिव्ह आलं म्हणजे इन्फेक्शन नाही असंही नाही, कारण सगळे जंतू नायट्राइट बनवत नाहीत. गरोदरपणात अंगावरून पांढरं जरा जास्तच जातं, ते डबीत उतरलं की पस सेल्स फुगून दिसतात. "हा नमुना बाद. कल्चरही यावर नको. पुन्हा दे, आणि या वेळी नीट दे."

नीट म्हणजे कसं, हे मला लॅबमधल्या ताईने शिकवलं. ते इथे सविस्तर लिहिते, कारण सगळा खेळ त्या डबीत आहे आणि बहुतेक ठिकाणी डबी हातात टेकवून "तिकडे बाथरूम आहे" एवढंच सांगतात.

सकाळची पहिली लघवी सगळ्यात बरी, कारण रात्रभर साचलेल्या लघवीत जंतू असले तर सापडतात. ते जमत नसेल तर निदान दोन-तीन तास गेलेलं नसावं. डबी निर्जंतुक, सील असलेलीच घ्यायची. घरची धुतलेली बाटली कल्चरला चालत नाही. आधी हात साबणाने धुवायचे. मग जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवायची आणि कोरडी करायची. तिथे डेटॉल वगैरे लावायचं नाही, कारण ते डबीत उतरलं तर जंतू तिथेच मरतील आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येईल. झाकण उघडलं की ते उपडं ठेवायचं नाही आणि आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. सुरुवातीची धार सोडून द्यायची, धार न तोडता मधली डबीत घ्यायची, शेवटची पुन्हा सोडून द्यायची. अर्धी डबी भरली तरी पुष्कळ झालं.

चौथ्या महिन्यात हे सोपं होतं. आठव्यात पोटाखालचं काही दिसत नाही, खाली बसून तोल जातो, एका हाताने नळ धरायचा की डबी हे ठरवावं लागतं. कमोड असेल तर बरं. त्यावर दोन्ही पाय फाकवून बसायचं आणि एका हाताने जागा मोकळी धरायची. म्हणजे धार कातडीला न लागता पडते. नाही जमलं तर नर्सला हाक मारायची, त्यात लाज कसली?

शिवाय डबी दोन तासांच्या आत लॅबला पोचायला हवी. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. आमच्या घरून, सक्करदऱ्याहून, धंतोली काही लांब नाही, पण एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवलेली डबी म्हणजे जंतूंसाठी उबवणी केंद्रच. चार-दोन जंतू असले तरी त्या गरमीत ते वाढतात आणि रिपोर्ट बिघडतो. मी पुढे प्रत्येक वेळी बर्फाच्या पिशवीसोबत डब्यात ठेवून नेली, नाही तर लॅबमध्येच जाऊन दिली.

कल्चरला वेळ लागतो. रूटीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतात, ते काही तासांत होतं. कल्चरमध्ये लघवी एका थाळीवर पसरून जंतू वाढतात का ते पाहतात, मग कोणत्या औषधाने ते मरतात ते तपासतात. त्याला दोन-तीन दिवस जातात. माझा रिपोर्ट आला: ई. कोलाय नावाचे जंतू, एका मिलिलिटरमध्ये १,००,००० च्या वर. इतके जंतू असले की इन्फेक्शन धरतात, हाच तो उंबरठ्याचा आकडा. त्याखाली औषधांची यादी, काहींपुढे एस, काहींपुढे आर. एस म्हणजे या जंतूवर चालेल, आर म्हणजे हा जंतू त्याला जुमानत नाही. अँपिसिलिनपुढे आर, नॉरफ्लॉक्सासिनपुढे आर.

घरी सासूबाईंना काही हे पटेना. "काही होऊनच नाही राहिलं तुले, तं गोळ्या कायले खाते? पोटात लेकरू हाय बाप्पा." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मी पुढच्या वेळी त्यांनाच दवाखान्यात सोबत नेलं आणि हाच प्रश्न मॅडमला विचारायला लावला.

मॅडम म्हणाल्या, एरवीच्या बाईला त्रास नसेल आणि लघवीत जंतू सापडले तर मीही बहुधा औषध देत नाही. गरोदरपणाची गोष्ट वेगळी. प्रोजेस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाने मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळ्या सैल पडतात. वरून गर्भाशय वाढतं, ते बहुतेकींचं उजवीकडे कलतं आणि उजवी नळी जास्त दाबली जाते. लघवी वाहायची तिथे साचून राहते. खाली मूत्राशयात गप्प बसलेले जंतू मग सहज वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. १०० गरोदर बायकांत २ ते १० जणींच्या लघवीत असे न बोलणारे जंतू असतात, आणि त्यांना औषध दिलं नाही तर त्यातल्या साधारण पाव हिश्श्याला पुढे मूत्रपिंडाचं इन्फेक्शन होऊ शकतं. त्यातून वेळेआधी कळा सुरू होण्याची भीती असते. सासूबाई सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "हाव, मग खाऊ द्या."

नायट्रोफ्युरँटॉइन लिहून दिलं. त्याआधी जीसिक्सपीडीची तपासणी केली. ते एन्झाइम कमी असेल तर या औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून ते आधी बघितलेलं बरं. माझं ठीक निघालं. गोळी जेवणासोबत घ्यायची, नाही तर मळमळतं. लघवीचा रंग गडद, जवळजवळ काळ्या चहासारखा होतो हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाही तर मी पुन्हा घाबरले असते. हेच औषध शेवटच्या आठवड्यांत देत नाहीत, कारण जन्मलेल्या बाळाच्या तांबड्या पेशींना त्रास होऊ शकतो. म्हणजे एकीची उरलेली स्ट्रिप दुसरीला द्यायची सोय नाही. महिना कोणता, जंतू कोणता, यावर औषध बदलतं. गोळ्या संपल्यावर काही दिवसांनी पुन्हा कल्चर झालं. या वेळी जंतू वाढले नव्हते.

मधले महिने बरे गेले. मी इतवारीत एका पतसंस्थेत काम करते. मजल्यावर पुरुषांचं स्वच्छतागृह आहे, बायकांनी खाली उतरून मागच्या बोळात जायचं, तिथली कडी नीट लागत नाही. तिथल्या आम्ही सगळ्या बायका सकाळी घरून निघताना जाऊन येतो आणि संध्याकाळपर्यंत जेमतेम दोन घोट पाणी पितो. माठ समोर असतो, वाळ्याचा वास येत असतो आणि प्यायचं नाही. बाई गरोदर असली तरी हेच. मी चौथ्या महिन्यानंतर साहेबांना स्पष्ट सांगितलं की मला दर दोन-अडीच तासांनी उठावं लागेल आणि कडी दुरुस्त करून हवी. कडी बसली. दुरुस्तीचा खर्च एका सामोशाच्या पार्टीपेक्षा कमी होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

एप्रिलमध्ये एकदा लघवी करताना आग झाली. ऑफिसमधल्या मैत्रिणीने लगेच निदान केलं, उन्हाळी लागली, आणि जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक स्ट्रिप घेऊन आली. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. बघते तर नॉरफ्लॉक्सासिन! माझ्या रिपोर्टमध्ये ज्याच्यापुढे आर होतं तेच, आणि त्या जातीची औषधं गरोदरपणात टाळतातच. मैत्रिणीचा जीव माझ्यासाठी तुटत होता, तिला काय बोलणार? स्ट्रिप पर्समध्ये टाकली आणि संध्याकाळी लॅबमध्ये नमुना दिला.

कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही. मॅडमने विचारलं, "आग आतून होते, की लघवी बाहेर लागली की होते?" हा फरक मला त्याआधी कुणी विचारलाच नव्हता. नीट आठवून बघितलं तर आग बाहेरच होती, सोबत खाज होती आणि पांढरं दह्यासारखं जात होतं. ते बुरशीचं इन्फेक्शन निघालं. त्याला आत ठेवायच्या वेगळ्या गोळ्या असतात, त्याने ते बरं झालं. मूत्राशयाच्या इन्फेक्शनची आग आतून, धारेच्या सुरुवातीला किंवा शेवटी येते. घाई इतकी होते की बाथरूमपर्यंत पोचवत नाही, आणि गेलं तर चमचाभरच होते. ओटीपोटात हाडाच्या वर दुखतं. लघवी गढूळ होते, कधी लालसर दिसते. बाळाच्या दाबाने सारखं जावं लागतं तेव्हा अशी आग नसते. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होऊन चुरचुरते, ती पोटभर पाणी प्यायल्यावर निवळते. हे सगळं समजून घ्यावंच. तरी चुरचुरीचं कारण आपणच ठरवून पाणी पीत बसू नकोस, त्याच दिवशी डबी दे, असं मॅडमने बजावलं होतं.

धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, जवाचं पाणी, नारळपाणी, हे सगळं मी प्यायले. पाणी पोटात जातं हे चांगलंच आहे, पण लघवीत जंतू असतील तर त्याने जात नाहीत. नवऱ्याने कुठेतरी वाचून क्रॅनबेरीच्या ज्यूसची महागडी बाटली आणली. मॅडम हसल्या, म्हणाल्या, पी, पण गरोदर बायकांना त्याचा उपयोग झाल्याचं दिसलेलं नाही. बाटली दिराने संपवली.

मग मे. सुट्टी सुरू झाली होती, आठवा महिना होता आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलेला. पारा ४५ च्या आसपास. दुपारपासून अंग मोडून आलं, संध्याकाळी कुलर समोर चालू असताना दात वाजायला लागले. दोन चादरी घेतल्या तरी हुडहुडी थांबेना. ताप १०२ च्या वर गेला. शेजारच्या काकू आल्या, सासूबाईंनी कांदा किसला, कैरीचं पन्हं झालं. दोघींचं एकमत होतं, "ऊन लागलं असन." पॅरासिटॅमॉलने ताप उतरला आणि रात्री नऊला पुन्हा थंडी वाजून चढला. दोनदा उलटी झाली. उजव्या बाजूला, बरगडी संपते तिथे पाठीत एक ठणका होता. आठव्या महिन्यात पाठ दुखतेच म्हणून तो मी धरलाच नव्हता.

नवऱ्याने तेव्हा साधा प्रश्न विचारला, "ही आठवडाभर उंबऱ्याबाहेर पडली नाही, हिला ऊन लागलं कुठून?" फ्रिजवर मॅडमच्या हातची चिठ्ठी लावलेली होती. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, पोट राहून राहून कडक होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. त्याने ती वाचली आणि गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीत उजव्या बाजूला मूठ हलकेच आपटली आणि मी किंचाळले. डाव्या बाजूला तसंच केलं तर काही वाटलं नाही. मूत्रपिंडाचं इन्फेक्शन असावं, असं त्यांनी तिथेच सांगितलं. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं आणि रक्ताचं कल्चर घेतलं, कारण औषध गेल्यावर जंतू सापडायला कठीण जातात. मग सलाईन, शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन, बाळाच्या ठोक्यांसाठी पोटाला पट्टे. मशीनवर बारीक कळा उमटत होत्या. रात्रभर दर थोड्या वेळाने नाडी, ताप, रक्तदाब, श्वास मोजत होते. जंतू रक्तात पसरले तर श्वासाला त्रास होऊ शकतो म्हणून, असं नर्सने सांगितलं. सोनोग्राफीत उजवं मूत्रपिंड थोडं फुगलेलं दिसलं, पण तेवढं गरोदरपणात असतंच म्हणाले. खडा नव्हता.

ताप एका रात्रीत गेला नाही. दुसऱ्या दिवशीही चढला आणि मी रडले. दोन-तीन दिवस लागतातच, तिसऱ्या दिवशीही चढाच राहिला तर आम्ही काळजी करू, असं डॉक्टरांनी समजावलं. तो उतरला, कळा थांबल्या. रक्ताचं कल्चर स्वच्छ आलं, लघवीत पुन्हा ई. कोलाय. एकूण चौदा दिवसांचा कोर्स झाला, आधी शिरेतून आणि मग गोळ्या. एकदा मूत्रपिंडापर्यंत गेलेलं इन्फेक्शन परत उलटू शकतं, म्हणून पुढे बाळंत होईपर्यंत आणि त्यानंतरचे सहा आठवडे रोज रात्री सेफॅलेक्सिनची एक छोटी गोळी लावून दिली.

सासूबाई वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "ऊन नोहे ते. थंडी वाजली का कांदा किसत नोको बसू, गाडी काढाले सांग." चिठ्ठीपेक्षा त्यांचं सांगणं जास्त बायकांपर्यंत पोचलं असणार.

जुलैत सिझर झालं. सिझरला लघवीची नळी घालतात आणि नळी जितकी जास्त वेळ राहते तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. राउंडवर आलेल्या डॉक्टरांना मी स्वतःच आठवण केली, नळी कधी काढता? माझी फाईल चाळून त्यांनी त्याच दुपारी काढायला सांगितलं. सहा आठवड्यांनी शेवटचं कल्चर दिलं, त्यात काही वाढलं नाही आणि रात्रीची गोळी बंद झाली. बाळाची सिकलसेलची तपासणी एचपीएलसीने केली, कारण इतक्या लहान बाळात साध्या सिकलिंगवर भरवसा ठेवता येत नाही. तो एएस आहे, माझ्यासारखाच.